लाइटनरचा मोसर

“ब्रिंकमान!” दवाखान्यातल्या मुलीने दारातून हाक मारली.

कोणी उठलं नाही. बाकांवर पाच-सहा माणसं आपापले गुडघे, कंबरा आणि खोकले सांभाळत बसली होती. हिन्रिखही त्यांच्यातच होता आणि शिकारीचं एक जुनं मासिक चाळत होता.

“ब्रिंकमान आहेत का? ब्रिंकमान!”

हिन्रिखने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. कोण हा बहिरा, उगाच सगळ्यांचा खोळंबा करतोय, असं त्याच्या मनात आलं. शेजारी बसलेल्या श्मीडला तो तसं म्हणालासुद्धा, “नंबर लावतात आणि मग जातात कुठं तरी गावभर उंडारत.”

“तर काय!” श्मीड म्हणाला.

मुलीने पुढचं नाव घेतलं आणि श्मीड लंगडत आत गेला. हिन्रिखने मासिकाचं पान उलटलं, हरणाच्या चित्रावर थोडा वेळ नजर लावली आणि मग त्याला दरदरून घाम फुटला. ब्रिंकमान म्हणजे आपणच की! मागच्याच आठवड्यात आपणच या मुलीला टेबलावर बोट आपटून बजावलं होतं, की पोरी, कार्डावर जे नाव आहे त्याच नावाने मला हाक मारायची, दुसऱ्या कुठल्याही नाही. मुलगी शहरातली, गावाला नवीन. तिने बिचारीने ते तंतोतंत पाळलं होतं.

“मीच तो,” तो टेबलापाशी जाऊन म्हणाला.

“अहो, मग मघाशी दोनदा हाक मारली तेव्हा?”

“डोळा लागला होता.”

तिने त्याला सगळ्यांच्या शेवटी घातलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि भुवया चढवल्या. डॉक्टरही शहरातलेच.

“प्रेशर बरंच वाढलंय तुमचं. कसली काळजी करताय?”

“पुरण्याची.”

“म्हणजे?”

“मला कुठं पुरतील त्याची.”

डॉक्टरांनी त्याचे कागद पुन्हा एकदा वरखाली करून पाहिले. “अहो, एवढं काही झालेलं नाही तुम्हाला.”

“घाई मला पण नाही हो. पण जागा आधी ठरलेली बरी. बायकोशेजारी का बकरीचोराशेजारी, एवढं कळलं की प्रेशर आपोआप उतरेल.”

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांना तरी दुसरं काय सुचणार होतं? हा आजार उंटरलाइमिंग गावचा होता आणि उंटरलाइमिंगमध्ये राहिल्याशिवाय तो समजणं कठीण.

आता उंटरलाइमिंगमध्ये माणसाला आडनावच नसतं असं नाही. असतं, कचेरीत असतं, बँकेत असतं, कार्डावर असतं. पण ते बाहेर कोणी वापरत नाही. गाव ओळखतं ते घराला, आणि घरात जो राहील त्याला घराचं नाव चिकटतं. श्मीड म्हणजे लोहार. आता श्मीडच्या घरात तीन पिढ्या कोणी घण उचललेला नाही आणि सध्याच्या श्मीडचा जन्म विमे विकण्यात गेला, पण तो श्मीडच. उतारावरच्या मोठ्या घरात राहतो तो लाइटनर, कारण लाइटे म्हणजे उतार. खाली दलदलीच्या काठी राहतो तो मोसर, कारण मोस म्हणजे दलदल. पहिला लाइटनर कधी मरून माती झाला ते देवालाही आठवत नसेल. घर जागेवर आहे, उतार जागेवर आहे, आणि उतार काही माणसावाचून रिकामा राहत नाही.

हिन्रिख इथे आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. पार वरच्या उत्तरेकडचा, जिथे जमीन पोळपाटासारखी सपाट असते तिथला. गाईंचं दूध काढायची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. लाइटनरच्या गोठ्यातला पंप हवा ओढत नव्हता. त्याने तो दुपारपर्यंत दुरुस्त केला, आणि तरीही रोज काहीतरी काढून तो आठवडाभर येतच राहिला, कारण लाइटनरची मुलगी वाल्बुर्गा त्याला रोज ताक आणून देत होती. शेवटी म्हाताऱ्या लाइटनरने त्याला ओट्यावर बसवून घेतलं.

“नाव काय तुझं?”

“ब्रिंकमान.”

“ते काय असतं?”

“ब्रिंक म्हणजे आमच्याकडं टेकाड. आमच्या मूळ पुरुषाचं घर टेकाडावर होतं.”

“असं! केवढं आहे हे टेकाड?”

हिन्रिख प्रामाणिक माणूस. “पूर आला की पाय कोरडे राहतील, एवढं आहे.”

म्हाताऱ्याने समोरच्या डोंगरांकडे पाहिलं, एकदा हिन्रिखकडे पाहिलं आणि त्याला जे हसू सुटलं ते पाइप विझला तरी थांबेना. “वाल्बुर्गा! अगं, बाहेर ये. तुझा नवरा टेकाडावरचा आहे! आपल्या शेणाच्या उकिरड्याएवढं टेकाड आहे त्याचं!”

वाल्बुर्गा दारात येऊन उभी राहिली. “म्हणजे आपल्यासारखाच की,” ती म्हणाली. “आपणही उतारावरचे, तोही उतारावरचा. आपला चढ थोडा जास्त, एवढंच.”

असं ते लग्न ठरलं. हिन्रिख घरजावई झाला. लग्नाच्या दिवशी कचेरीत रीतीप्रमाणे लाइटनरांची मुलगी वाल्बुर्गा कागदावर वाल्बुर्गा ब्रिंकमान झाली. आणि कचेरीच्या पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत हिन्रिख ब्रिंकमान लाइटनर झाला होता. खाली बँडवाले उभे होते. ते एकसुरात ओरडले, “लाइटनर चिरायू होवो!” हिन्रिखला वाटलं, सासऱ्याला म्हणताहेत. म्हणून त्यानेही टोपी उडवली.

पुढची चाळीसेक वर्षं तो लाइटनरच होता. दुकानात लाइटनर, चर्चमध्ये लाइटनर, अग्निशमन दलाच्या नळीवर लाइटनर. त्याला ब्रिंकमान म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे वाल्बुर्गा. चारचौघांत तीही लाइटनरच म्हणायची. पण दार लागलं की म्हणायची, “ब्रिंकमान, चिखलाचे बूट बाहेर.” “ब्रिंकमान, किती घोरतोस रे!” रागावली तरी ब्रिंकमान आणि लाडात आली तरी ब्रिंकमान. मूलबाळ झालं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात ती गेली, आणि तिच्याबरोबर ते नावही गेलं. एवढ्या मोठ्या घरात एखाद्या संध्याकाळी हिन्रिख स्वतःच मोठ्याने म्हणायचा, “ब्रिंकमान, दिवा घालव आता.” पण आपणच आपल्याला हाक मारण्यात काही राम नसतो.

शेत वाल्बुर्गाच्या माहेरचं. तिच्याच इच्छेप्रमाणे ते तिच्या बहिणीच्या मुलाला, क्विरिनला मिळालं. मुलगा कष्टाळू आणि त्याची बायको अफ्रा सोन्यासारखी. हिन्रिखने अंगणातल्या लहान घरात आरामात राहावं असं ठरलं होतं, आणि तो राहिलाही असता. पण क्विरिनने रोबो आणला. गाय आपल्या पायांनी आत जाते, रोबो आपल्या हातांनी दूध काढतो आणि क्विरिन त्या वेळी कॉफी पितो! ज्याने जन्मभर गोठ्यांतले पंप दुरुस्त केले त्या हिन्रिखच्या डोळ्यांसमोर त्याचे सगळे पंप भंगारात गेले. “यंत्राला हात लावायला तरी माणूस लागायचा,” तो म्हणाला. क्विरिन म्हणाला, “काका, आता नाही लागत.” क्विरिनचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते हिन्रिखला जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात दुधाची गाडी आली आणि ड्रायव्हर अंगणातून ओरडला, “लाइटनर!” दोघेही एकदम वळले. “तुम्ही नाही हो, आजोबा,” ड्रायव्हर म्हणाला, “लाइटनर.”

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासे, रोबो, गाई आणि दुधाची गाडी, सगळंच फिरलं होतं. हिन्रिखने दोन पेट्या भरल्या. “तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही,” असं क्विरिनला सांगून तो उतार उतरला आणि दलदलीकाठचं रिकामं घर भाड्याने घेऊन राहिला. गावात दुसरं घर रिकामं नव्हतं. भिंतींना ओल होती, तळघरात बेडूक होते. आणि घराला नाव होतं, हे रागाच्या भरात त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात आलं पहिल्या रविवारी. चर्चमध्ये प्रत्येक घराचा बाक ठरलेला आणि बाकावर घराचं नाव कोरलेलं. सवयीचे पाय, हिन्रिख सरळ जाऊन लाइटनरच्या जागेवर बसला. मागून क्विरिन आला. पुरुषांच्या बाजूला लाइटनरचा बाक एका माणसापुरताच. दोघांनी एकेक कुल्ला टेकवून मिस्सेची अख्खी प्रार्थना काढली. उठायचं तेव्हा दोघेही उठत. बसायची वेळ आली की जो आधी बसेल त्याची सोय होई आणि दुसरा अर्धा अधांतरी राही. शेवटच्या स्तोत्रापर्यंत गावातलं कोणीही वेदीकडे बघत नव्हतं.

बाहेर आल्यावर श्मीडने त्याला गाठलं. “अरे, मोसरचा बाक मागं आहे, खांबाच्या आड. किती वर्षं रिकामाच आहे.”

“मी मोसर नाही.”

“राहतोस कुठं?”

“खालच्या घरात.”

“कुणाचं घर ते?”

“मोसरचं.”

“मग झालं तर!”

“अरे, पण तो मोसर कोण होता? बकऱ्या चोरायचा! हवालदाराला चावला होता!”

“मांडीला,” श्मीड म्हणाला. तसा तो बारीकसारीक गोष्टींत चोख. “मी लहान होतो तेव्हा. पण त्यानंतर कुणी राहिलंच नाही तिथं, तर नाव कोण सुधारणार? आणि बाकाचं काय घेऊन बसलास? कबरीचं काय, ते बघ.”

“कबरीचं काय?”

“कबर घराची असते बाबा. लाइटनरच्या कबरीत कुणाला घ्यायचं, ते लाइटनर ठरवणार. म्हणजे आता क्विरिन. मोसरची कबर आहे ना, भिंतीकडेला, त्या काट्याकुट्यांत. तिथं एकटाच आहे तो. जागा भरपूर.”

हिन्रिख त्या दिवशी न जेवता झोपला. घर गेलं ते त्याने सोसलं, नाव गेलं तेही सोसलं. पण वाल्बुर्गा एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, चावऱ्या बकरीचोराच्या शेजारी, कायमचे? हे त्याला सोसवेना. क्विरिनला एका शब्दाने विचारलं असतं तर काम होतं. पण ज्याच्या दारात पाऊल टाकणार नाही म्हटलं त्याच्याकडे कबर मागायला कोणत्या तोंडाने जाणार? आणि तो नाही म्हणाला तर? विचारलं नाही तोवर नकार तरी येत नव्हता.

मग त्याने आपल्या डोक्याने तोड काढली. मोसर व्हायचंच नाही. लाइटनर होता येत नाही तर आपण ब्रिंकमान. वाल्बुर्गाही कागदोपत्री ब्रिंकमान. म्हणजे ब्रिंकमानची बायको तिथे आहे, तर ब्रिंकमानही तिथेच जाणार, कोणत्याही कायद्याने. त्याने शहरातून पितळी पाटी करून आणली आणि ओलसर दाराला ठोकली: हि. ब्रिंकमान.

दुकानात पाववालीने विचारलं, “मोसर, नेहमीचेच दोन?”

“ब्रिंकमान,” हिन्रिख म्हणाला.

तिने फळीवर नजर फिरवली. “ते नाही ठेवत आम्ही. गव्हाचे देऊ का?”

श्मीडने तर पाटी वाचून सहानुभूतीने विचारलं, “भाडेकरू ठेवलास होय?”

कहर केला तो टपालवाली झेन्त्सीने. उत्तरेहून हिन्रिखची बहीण दर शरदात त्याला धुरावलेल्या वाम माशांचं पार्सल पाठवते. यंदा ते येईना. दोन आठवडे वाट पाहून त्याने झेन्त्सीची सायकल रस्त्यात अडवली.

“दिलं की मी,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“लाइटनरला. वर, घरी.”

“अगं बाई, त्याच्यावर ब्रिंकमान लिहिलेलं असतं!”

“म्हणूनच ना! ब्रिंकमानचं टपाल लाइटनरकडं द्यायचं, हे मला नोकरी लागल्या दिवसापासून पाठ आहे. लाइटनर आता क्विरिन आहे. मग कुणाला देऊ?”

“मी ब्रिंकमान आहे!”

“तुम्ही मोसर,” झेन्त्सी शांतपणे म्हणाली. “मोसरचं काही आलं की आणून देते.” आणि घंटी वाजवत निघून गेली.

पार्सल घेऊन दुसऱ्या दिवशी अफ्रा स्वतः उतरून आली. नाकाला रुमाल लावलेला आणि पार्सल हातभर लांब धरलेलं.

“काका, घ्या हे तुमचे वाम. यांनी टपाल समजून रोबोच्या खोलीत ठेवलं आणि विसरले. गाई आत जाईनात! फुरफुरतात आणि मागं फिरतात. रोबो सारखा फोन करतोय, गाय आली नाही, गाय आली नाही. शहरातून मेकॅनिक आला, त्यानं सगळा रोबो खोलला. शेवटी माझ्या नाकानं सांगितलं.”

हिन्रिखला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. “मेकॅनिकला सापडलं नाही?”

“नाही सापडलं. हसू नका! यांनी दोन दिवस हातानं दूध काढलं. यांच्या बोटांचे हाल बघवेनात.”

“अंगठा आत घेत असेल. सांग त्याला, अंगठा बाहेर ठेव म्हणावं,” हिन्रिख म्हणाला आणि मग आपण भांडलेलो आहोत हे आठवून गप्प बसला.

अफ्राने दारावरची पाटी वाचली. मग ओट्यावरच टेकली. “माझंही तसंच हो, काका. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच लाइटनरीण झाले. परवा आईनं फोनवर थट्टेनं माहेरच्या नावानं हाक मारली तर मला क्षणभर कळेना, कुणाशी बोलतेय.” ती उठून उभी राहिली. “सर्व संतांच्या दिवशी येताय ना आमच्याबरोबर? मावशींच्या कबरीपाशी?”

इथे विचारायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. “बघू,” हिन्रिख म्हणाला. “गुडघ्यावर आहे सगळं.” ती गेल्यावर त्याने स्वतःला मोजक्या पण निवडक शिव्या दिल्या.

सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी सारं गाव दफनभूमीत खुरपी घेऊन असतं. उद्या दुपारी जो तो आपल्या घराच्या कबरीपाशी उभा राहणार, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरणार आणि फादरच्या मागून सगळ्यांचे डोळे फिरणार. कोणाची शेवंती ताजी, कोणाची शिळी, कोणाच्या कबरीवर गवत, याची चर्चा मग नाताळपर्यंत पुरते. हिन्रिखही कुदळ, खुरपं आणि बादली घेऊन गेला. निदान वाल्बुर्गाची जागा तरी आपल्या हाताने साफ करावी, तेवढ्याला कोणाची परवानगी लागत नाही, असं त्याला वाटलं.

जाऊन बघतो तर अफ्राने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. माती चाळून काळीभोर केलेली, पांढऱ्या शेवंतीची कड, दगड धुऊन लख्ख. दगडावर वर मोठ्या अक्षरांत लाइटनर, खाली सगळ्यांची नुसती पाळण्यातली नावं, शेवटचं वाल्बुर्गा. उपटायला गवताची एक काडी नव्हती. हिन्रिख दोन्ही हातांत अवजारं घेऊन उभा राहिला. चहूकडून माणसं वाकलेली, पण डोळे वर. असंच परत जावं तर लोक म्हणणार, आला आणि हात हलवत गेला.

एवढ्यासाठी, केवळ एवढ्यासाठी, तो भिंतीकडे गेला आणि मोसरच्या कबरीवरचे काटे उपटू लागला.

काम चिवट निघालं. मुळं हातहात खोल होती. लोखंडी क्रूस तिरका झालेला होता, तो त्याने सरळ करून दगडांनी पक्का केला. अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पंप असो नाहीतर कबर. घाम पुसायला तो उभा राहिला तेव्हा पलीकडून श्मीड बायकोला सांगत होता, “बघ, मोसरनं किती छान केली यंदा.” हिन्रिख खुरपं धुवायला नळावर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी होती. बँड वाजू लागला, घराघराची माणसं काळ्या कोटांत आपापल्या कबरींपाशी जाऊन उभी राहिली. हिन्रिख कुठेच उभा राहिला नाही. तो नळापाशी थांबला आणि स्वच्छ असलेली झारी विसळू लागला. बिनबोलावता लाइटनरच्या कबरीपाशी जावं तर सगळ्या गावासमोर शोभा होणार, आणि मोसरच्या कबरीपाशी उभं राहावं तर स्वतःच्या हाताने शिक्का मारल्यासारखं. त्याला एकदम इतकं एकटं वाटलं, की त्याने नळ बंद केला आणि पुन्हा सोडला.

खडीवर पावलं वाजली. क्विरिन येत होता, सगळं गाव ओलांडून. लोकांनी माना खाली घातल्या आणि कान वर केले.

“काका, ती झारी फुटेल आता. चला तिकडं.”

“मी बरा आहे इथं.”

“मावशी तिकडं आहे.”

“कबर लाइटनरची आहे,” हिन्रिख म्हणाला. “मी लाइटनर नाही राहिलो.”

“नाही राहिलात. लाइटनर मी आहे. म्हणून मीच सांगतोय ना!” क्विरिनचे कान लाल झाले होते, बोलणं हा काही त्याचा प्रांत नव्हता. “मावशीच्या डाव्या हाताची जागा तुमची आहे. ती गेली तेव्हाच दगडवाल्याला सांगून ठेवलंय मी, खाली एक ओळ मोकळी सोड म्हणून. हिन्रिख एवढंच लिहायचंय ना? का अजून काही?”

“हे तू मला आत्ता सांगतोस?”

“तुम्ही विचारलंत कुठं? दारात पाऊल टाकणार नाही म्हणालात. मी म्हटलं, राग उतरला की येतील.”

“आणि ते मला मोसर म्हणतात ते?”

“म्हणू दे की. मोसर असा नाहीतर पोप असा. झोपायचं इथंच.” आणि त्याने काकाच्या हातातली झारी काढून घेतली.

हिन्रिख जाऊन वाल्बुर्गाच्या कबरीपाशी उभा राहिला. अफ्राने सरकून त्याला पुढची जागा दिली. गेले सहा-सात महिने छातीवर जो दगड होता तो कोणीतरी उचलून नेला होता. दगडाच्या तळाशी खरंच एक ओळ मोकळी होती. त्याने ती डोळे भरून पाहिली. अफ्राने न विचारता त्याच्या कोपराखाली हात घातला.

फादर आले. लाइटनरची माणसं वाकली, पाणी पडलं, प्रार्थना झाली आणि फादर पुढे सरकले. श्मीडकडे, पाववालीकडे, झेन्त्सीच्या आईबापांकडे. शेवटची रांग संपत आली. भिंतीकडेच्या त्या सरळ केलेल्या क्रूसापाशी कोणीच उभं नव्हतं. जिथे घरचं कोणी उभं नसतं तिथे फादर थांबत नाहीत. एवढी थडगी, एवढी थंडी, ते तरी काय करणार? ते तिथूनच मागे वळू लागले.

हिन्रिखने ते पाहिलं. कित्येक वर्षं हे असंच वळणं चाललं असेल, आणि मोसर आत पडल्यापडल्या ऐकत असेल.

“आलोच गं,” तो दगडाकडे बघून म्हणाला आणि अफ्राचा हात सोडवून निघाला. खडी करकरत होती, बँड थांबला होता, सगळं गाव बघत होतं. गुडघा दुखत होता तरी त्याने पावलं भरभर टाकली, आणि फादरची पाठ फिरायच्या आत तो क्रूसाशेजारी जाऊन उभा राहिला.

फादर गावात नवे होते. त्यांनी पाणी शिंपडायचा कुंचला हातात तसाच धरून हळू आवाजात विचारलं, “कोणाचं घर?”

हिन्रिखने टोपी काढली.

“मोसरचं,” तो म्हणाला.

फादरनी कुंचला बुडवून शिंपडला. थोडं पाणी मातीवर पडलं, थोडं हिन्रिखच्या टकलावर. ते बर्फासारखं गार होतं. प्रार्थना संपेपर्यंत त्याने ते पुसलं नाही.